चूलखूण

सांगलीच्या आहार-जिवाणू प्रयोगशाळेत डॉ. ऋजुता कोरगावकर आपल्याच मुलीच्या चाचणीचा निकाल ऐकायला बसली होती. कुणाच्या हातचं अन्न पोटात जातं ते आतड्यातल्या जिवाणूंवरून ओळखणारी चूलखूण चाचणी तिनेच शोधली होती. पण या खटल्यात ती पक्षकार असल्यामुळे न्यायालयाने तपासणीचं काम तिचे सहकारी डॉ. फिरोज मुजावर यांच्याकडे दिलं होतं.

खटला सासूने भरला होता. मुलगा अपघातात गेला, त्याचा दोष सुनेवर ठेवून माणकताई वेगळ्या राहिल्या होत्या. नऊ वर्षांची मिहिका शाळा सुटली की आजीकडे जायची. पोरीच्या पोटात माझ्याच हातचं जातं, तिचा ताबा मला द्या, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करते, असं ऋजुताचं. एकचूल कायदा सांगत होता की ज्या घरची चूलखूण मुलाच्या पोटात सापडेल, ते त्याचं घर.

"मिहिकाच्या आतड्यात तुझ्या दह्याचे जिवाणू आहेत," मुजावर म्हणाले. "तू जिंकलीस. पण तेच जिवाणू तुझ्या सासूबाईंच्या पोटातही आहेत."

"विरजण मी लग्नानंतर त्यांच्याकडूनच आणलं होतं."

"त्याला दहा वर्षं झाली. दही लावणाऱ्याच्या हातावरचे जिवाणू विरजणात मिसळत जातात आणि काही आठवड्यांत विरजण त्या हाताचं होतं, हे तूच सिद्ध केलंस. त्यांच्या पोटात आहे ते तुझ्या हाताचं आहे."

न्यायाधीशांनी विचारल्यावर माणकताईंनी काही लपवलं नाही. मिहिकाच्या डब्यात उरलेला दहीभात त्या रोज खात होत्या. अन्न टाकायची त्यांच्यात रीत नव्हती. मुलगा गेल्यापासून स्वतःच्या घरी त्यांनी दही लावलं नव्हतं. नातीला मात्र रोज गरम भाकरी आणि आमटी करून घातली होती. पण शिजलेल्या अन्नात जिवाणू जगत नाहीत, म्हणून त्याची खूण उरली नव्हती.

"माझी भाकरी तुझ्या यंत्राला दिसत नाही," त्या भर न्यायालयात सुनेला म्हणाल्या.

ऋजुताला हे ठाऊक होतं.

निकाल दोघींनाही नको असलेला लागला. जिची चूलखूण, तिचं घर. मिहिका आईकडे राहील. पण सासूच्या पोटात सुनेची खूण, म्हणजे कायद्याने त्याही त्याच चुलीच्या. एका चुलीवरच्या वृद्धांना घराबाहेर ठेवता येत नव्हतं. ऋजुताच्या वकिलांनी हरकत घेतली. तेव्हा न्यायाधीशांनी दाखवून दिलं की हे कलम कायद्याच्या तज्ज्ञ समितीवर असताना ऋजुतानेच सुचवलं होतं.

माणकताई आल्या. सुनेच्या हातचं पाणीही त्यांनी घेतलं नाही. आपल्या खोलीत वेगळी शेगडी मांडली, शेजारणीकडून विरजण मागून आणलं आणि कोमट दुधात बोटाने ढवळून दही लावलं. मिहिका तिथेच जेवू लागली. भरलेली वांगी, भाकरी, वाटीभर दही. ऋजुताने केलेलं रात्री फ्रिजमध्ये जाऊ लागलं.

काही आठवडे तिने रागाने दुर्लक्ष केलं. मग एका दुपारी प्रयोगशाळेत सासूचं दही काय करतंय ते तिच्या ध्यानात आलं आणि ती तशीच मुजावरांकडे गेली.

"खूण किती दिवसांत बदलते?"

"रोज खाल्लं तर दोन-तीन महिन्यांत." मुजावरांनी तिच्याकडे पाहिलं. "वार्षिक फेरतपासणीत पोरगी त्यांची निघेल. तिला तिथे जेवू नको म्हणता येणार नाही. तेही कलम तुमच्याच समितीचं आहे."

"आणि एकाच घरात तिघींची खूण एकच निघाली तर?"

"तर यंत्र काय सांगणार? एकच चूल म्हणेल. कुणी कुणाकडून मुलगी काढून घेऊ शकणार नाही."

संध्याकाळी ऋजुता ताट घेऊन सासूच्या खोलीत शिरली. मिहिकाने सरकून जागा केली.

"मलाही वाढा," ऋजुता म्हणाली.

माणकताईंचा हात परातीत थांबला. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, मग रिकाम्या ताटाकडे, आणि ती कशाला आलीय ते त्यांना पुरतं समजलं. जेवायला बसलेल्याला उठवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेगडीवरची भाकरी काढून त्यांनी ती सुनेच्या ताटात लांबूनच टाकली. वांगं वाढलं. दह्याचं भांडं तेवढं त्यांनी आपल्या गुडघ्यामागे ओढून घेतलं.

ऋजुता उठली, वळसा घालून पलीकडे गेली आणि आपल्या हाताने दही वाढून घेतलं.