पुनीतला बस लागते

माझी पहिलीच टूर. धुळ्याहून निघालेली आमची बस कन्नडचा घाट चढत होती, तेवढ्यात खिडकीजवळच्या तरुणाने हात वर केला.

"मॅडम, पिशवी..."

"खरेदी आपण वेरूळला करू या हं," मी माइकवरून गोड आवाजात म्हणाले.

पुढचं बोलायला त्याला वेळच मिळाला नाही. समोर दिसली ती माझी टोपी त्याने ओढून घेतली. नवी कोरी. तिच्यावर छापलं होतं — 'आनंदी प्रवास'.

"सॉरी," बस थांबल्यावर तो पांढऱ्याफटक चेहऱ्याने म्हणाला. "मी पुनीत. जळगावला आमचं भांड्यांचं दुकान आहे. तुमची टोपी भरून देतो..."

"भरून तर दिलीतच!"

तो हसला. मी घाईने दुसरीकडे पाहिलं... आणि पुन्हा त्याच्याकडेच पाहिलं.

मी विधी. पप्पांचं धुळ्याचं कापडदुकान सोडून टूर मॅनेजर व्हायचं वेड मीच घेतलेलं. "लोकांना फिरवणं हे काय करिअर? आणि बारा महिने बाहेर राहणाऱ्या मुलीला करून घेणार कोण?" पप्पा, म्हणजे दलिचंदशेठ, जेवताना हमखास विचारायचे. मी पोळीत लक्ष घालायचे.

पुढच्या टूरला तोरणमाळला निघालो, तर बसच्या दारात पुनीत! खिशात आल्याच्या वड्या. मग सापुतारा... तिथेही पुनीत.

"इतका त्रास होतो, मग येता कशाला?"

"निसर्ग बघायला."

"डोळे मिटून?"

त्याचे कान लाल झाले. मागच्या सीटवरच्या यशोदा अक्का खो खो हसल्या. "बाई, त्याले बस नही, तूच लागेल शे!" बस नाही, म्हणे मीच लागले होते त्याला.

त्याच आठवड्यात कंपनीने मला अख्ख्या उन्हाळ्याच्या हिमाचल टूर दिल्या होत्या. याचसाठी तर धडपडत होते. पण सापुताऱ्याच्या तलावाकाठी पुनीतला ते सांगणं जिवावर आलं.

त्याने हळूच विचारलं — "मनालीचं बुकिंग सुरू झालं?"

"वेडे आहात का! तिथली वळणं मोजता येत नाहीत."

"मी कुठे मोजतो? डोळे मिटलेले असतात."

मला हसू आलं आणि रडूही. "नका येऊ, पुनीत. आणि... माझ्यासाठी थांबूही नका. मी सारखी बाहेरच असणार."

"आमच्या घरी सगळे दिवसभर दुकानात समोरासमोर असतात, विधी. त्याने प्रेम वाढतं असं काही दिसलं नाही मला. तुम्ही फिरा. मी... वाट बघेन."

उन्हाळा सरला. भुसावळ स्टेशनवर उतरले, तर समोर पुनीत. आणि शेजारी चक्क पप्पा!

"हा मुलगा महिनाभर धुळ्याला येतोय. बसने!" पप्पा कडाडले. "दुकानात येतो, गादीवर आडवा पडतो, लिंबूपाणी पितो आणि तुला मागणी घालतो. गिऱ्हाईकं घाबरतात! काय ते एकदाचं सांगून टाक त्याला."

पुनीत शर्टाची गुंडी पिरगाळत होता.

"हो," मी म्हणाले. "पण सप्टेंबरात मला लडाख आहे."

"मग लग्न ऑगस्टमध्ये!" पुनीत उसळून म्हणाला.

"अरे, चातुर्मासात?" पप्पांनी कपाळाला हात लावला.

"मग डिसेंबर..."

"डिसेंबरात केरळ," मी पुटपुटले.

"मग तुम्हीच सांगा, मॅडम," म्हणत त्याने भर फलाटावर माझा हात धरला.

पप्पा लगबगीने हमाल शोधायला गेले.