आप्पांच्या हातातली चौसष्ट अक्षरं

आईनं, दानम्मानं, आरतीचं ताट विरेशच्या तोंडासमोरून तिसऱ्यांदा फिरवलं, आणि निरांजनाच्या उजेडात उजळलेला धाकट्या भावाचा तो तृप्त चेहरा बघून भुवनेश्वरीच्या मनात एकच शब्द उमटला... आज! गेली सहा वर्षं जो दिवस तिनं उराशी जपला होता, तो आज उजाडला होता!

“समद्या जगात नाव काढलंस की रं बाळा,” दानम्माचे डोळे भरून आले. “तुजा आप्पा असता तर हत्तीवरनं साखर वाटला असता बघ.”

“अव्वा, साकु! पुरे आता, डोळ्यात धूर जातोय,” विरेश हसत म्हणाला, पण हसता हसता त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीकडं गेली आणि हसू विझलं. “अक्का, जरा जिन्यात ये की.”

जिन्यात येताच त्यानं आवाज खाली आणला. “चावी?”

“देईन की. स्टेजवर देईन.”

“आत्ताच दे ना. एकदा तपासून बघतो. तिकडं साऱ्या जगाचे लोक स्क्रीनला डोळे लावून बसणार आहेत, अक्का! काही चुकलं तर मी संपलो.”

“अकरा वर्षं सांभाळलीय, तम्मा,” भुवनेश्वरी धाकट्या भावाला शांतपणे म्हणाली. “अजून दोन तास सांभाळते.”

त्यानं वाकून तिच्या पायाला हात लावला. तिनं आशीर्वाद दिला नाही. चावी तिच्याजवळ नव्हतीच! ती कुठं आहे, हे या जगात तिच्या एकटीलाच ठाऊक होतं.

भुवनेश्वरीनं भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं, बेंगळुरूच्या संशोधन संस्थेत तिची निवड झाली, आणि त्याच महिन्यात आप्पांना, म्हणजे अण्णारावांना, अर्धांगवायूचा झटका आला. विरेश तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. दोघांपैकी एकाला परत यायला हवं होतं. कुणी तिला ‘ये’ म्हटलं नाही. पण कुणी ‘येऊ नकोस’ असंही म्हटलं नाही... आणि पंचवीस वर्षांची ती मुलगी सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, बावीस मागांच्या खडखडाटात, आप्पांच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या खुर्चीत येऊन बसली.

त्या खडखडाटातच ‘सूत’चा जन्म झाला. कारखान्यात टॉवेलची मोजणी एका दिवाणजीच्या वहीत होई, आणि दिवाणजी आकडे फिरवतो म्हणून रोज भांडणं होत. भुवनेश्वरीनं दिवाणजीची वही बंद केली. पाळी संपली की प्रत्येक मागाचा आकडा मोठ्यानं वाचायचा आणि बावीस जणांनी तो आपापल्या वहीत लिहायचा! लिहिता न येणारी गुरम्मासुद्धा रेघा मारी आणि दिवाणजीला टोमणा हाणी, “आता बावीस वह्या खा की रं, एका वहीनं पोट भरत न्हाय न्हवं तुजं?” कुणा एकावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही. मग दोन-तीन वर्षं तिनं संगणकावर तीच रीत उतरवली: कुठली बँक नाही, कुठला मालक नाही, हजारो अनोळखी माणसांच्या संगणकांवर एकच वही, आणि त्या वहीतलं नाणं म्हणजे ‘सूत’. बनवणाऱ्याचं नाव तिनं लिहिलं, ‘विणकर’. स्वतःचं नाव लिहावंसं तिला वाटलं नाही. वहीला मालक नको होता, मग बनवणाऱ्याला चेहरा कशाला?

पण वहीच्या पहिल्या पानावरची नाणी विणकराची होती, आणि ती उघडणारी चावी म्हणजे चौसष्ट अक्षरांची एक ओळ. ज्याच्याजवळ ती ओळ, तोच विणकर! त्या ओळीनं केलेली सही जगातला कुणीही माणूस घरबसल्या तपासू शकतो. तिथं कोर्ट लागत नाही की साक्षीदार. भुवनेश्वरीनं आगीचा विचार केला, पाण्याचा केला, चोराचा केला. दोन प्रती म्हणजे दोन धोके, म्हणून प्रत एकच ठेवली. आणि तो कागद दिला आप्पांना. आप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग बत्तीस वर्षांत कधी अंगावेगळं झालं नव्हतं. पूजेला उघडत आणि पुन्हा कापडात गुंडाळून गळ्यात बांधत. त्या कापडाच्या घडीत त्यांनी तो चिमुकला कागद ठेवला. “प्राण... असेतोवर...” एवढेच तुटक शब्द त्यांच्या वाकड्या ओठांतून आले, आणि बाकीचं त्यांनी लिंगावर हात ठेवून सांगितलं.

प्राण असेतोवर... शास्त्र शिकलेल्या त्या मुलीनं एवढाच एक विचार केला नव्हता!

पुढं ‘सूत’ जगभर गेलं, आणि त्यावर बेंगळुरूत कंपनी काढलेला विरेश एका मुलाखतीत बोलून गेला, “विणकर म्हणजे मीच.” दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला होता. “अक्का, तोंडातून निघून गेलं गं! कंपनीत पैसा घालणाऱ्यांना एक चेहरा पाहिजे असतो. तुला तसंही पुढं यायला आवडत नाही की.” ती भांडायच्या तयारीनं आप्पांच्या खोलीत गेली, तर आप्पा वर्तमानपत्रातल्या विरेशच्या फोटोवरून थरथरता हात फिरवत होते. “माझ्या विरूनं... नाणं काढलं!” वाकड्या झालेल्या ओठांतून आठ वर्षांत पहिल्यांदा एवढं स्पष्ट वाक्य आलं होतं. ते वाक्य कसं पुसायचं? ती तशीच मागं फिरली. दोन वर्षांनी आप्पा गेले, आणि कुंभारीच्या शेतात लिंगायत रीतीनं त्यांना समाधीत बसवताना स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं... कापडासकट! भुवनेश्वरी एक पाऊल पुढं सरकली. एक शब्द बोलली असती तर! पण शेकडो माणसांसमोर बापाच्या हातातलं लिंग सोडवायला सांगायचं? ती थांबली. माती पडली.

आणि त्याच मातीवर उभे राहून लोक विरेशचे हात हातात घेत म्हणत होते, “आप्पांचं नाव राखलंस हो!” त्या क्षणी तिच्या काळजात जे पेटलं, ते सहा वर्षं विझलं नव्हतं.

आता परदेशात एका गृहस्थानं कोर्टात दावा लावला होता की खरा विणकर तोच. विरेशनं जाहीर करून टाकलं: “माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर, पहिल्या पानाच्या चावीनं सही करून दाखवीन!”

सभागृह खचाखच भरलं होतं. सत्कार समितीचे शरणबसव माइक सोडायला तयार नव्हते. “सोलापूरची चादर जगात गेली, आता सोलापूरचं नाणं गेलं! पहिल्या पानावर बावीस आकडे कोरलेत म्हणे, आणि विरेशरावांनी सांगितलंय की ती आकाशातल्या नक्षत्रांची अंतरं आहेत. काय बुद्धी हो, काय बुद्धी! आता त्यांच्या भगिनी ती चावी त्यांच्या हाती देतील...”

टाळ्यांच्या गजरात भुवनेश्वरी उठली. माइकसमोर उभी राहिली. विरेशनं हात पुढं केला. त्या पसरलेल्या तळहाताकडं तिनं क्षणभर बघून घेतलं. किती गोड असतो सूड पिकल्यावर!

“ती नक्षत्रं नाहीत,” ती म्हणाली. “टॉवेल आहेत. त्या दिवशी बावीस मागांवर उतरलेले टॉवेल.”

लोक हसले. शरणबसवही हसले. “ताई लई विनोदी आहेत!”

“आणि चावी माझ्याजवळ नाही. मी तम्माशी खोटं बोलले. चावी विणकराजवळ असते, आणि ती ह्याच्याजवळ कधीच नव्हती. विचारा त्यालाच!”

हसणं तुटलं. समोरच्या रांगेत दानम्मा “अगं भुवी!” म्हणून उभी राहिली. विरेशचा हात अजून तसाच पसरलेला होता. पन्नास कॅमेरे त्या रिकाम्या हाताकडं वळले. शरणबसव त्याच्या कानाशी लागले, “काय हो विरेशराव, घरगुती भांडण तर नव्हे?” विरेशनं पसरलेला हात खिशात घातला. भुवनेश्वरी पायऱ्या उतरली, पदर सावरला आणि चालत बाहेर गेली.

दुपारी विरेश घरी आला तेव्हा त्याचा फोन सारखा थरथरत होता आणि तो उचलत नव्हता.

“मला संपवलंस,” तो म्हणाला. “एवढा द्वेष, अक्का? कुठं आहे ती?”

“आप्पांच्या हातात.”

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो भिंतीला टेकला.

“कापडाच्या घडीत होती,” भुवनेश्वरी शब्द तोलून तोलून म्हणाली. “कागद होता, सहा वर्षं झाली. पण आप्पांनी तो प्लास्टिकच्या पुडीत घातला होता. टिकला असेल. खणून बघ.”

“भुवी!” दानम्मा किंचाळली. “जीभ झडली न्हाय तुजी? बसल्या जागेवरनं बापाला उठीवतीस?”

“मी नाही अव्वा. ह्याला नाणं पाहिजे की बाप पाहिजे, ते ह्यानं ठरवावं. मला कुणी कधी ठरवायला दिलं नव्हतं. मी ह्याला देतेय.”

हा सुडाचा दुसरा पदर होता, आणि तो पहिल्याहून धारदार होता. खणलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. नाही खणलं तर तो जगात खोटा! तिसरी वाट तिनं ठेवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्माचा फोन आला. ती कुंभारीतच राहायची. “तायी, इरेसदादा टिकाव घिऊन समाधीकडं गेलाय बघा. मी इचारलं कुटं, तर बोलंना झालाय.”

भुवनेश्वरीनं स्कूटी काढली. काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात, धसकटांमधून वाट काढत ती पोचली, तेव्हा समाधीच्या चौथऱ्याचा कोपऱ्यातला एक दगड उपसून बाजूला पडला होता. विरेश टिकावाच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा होता. कालचाच सदरा, घामानं भिजलेला.

“थांबलास का?” तिनं विचारलं. “खण की.”

“मला वाटलं, तू थांबवशील.”

“मी नाही थांबवणार.” ती समोरच्या बांधावर बसली. “मी बघणार आहे.”

त्यानं टिकाव उचलला. डोक्याच्या वर गेला... आणि तिथंच राहिला. भुवनेश्वरीच्या ध्यानात आलं, की आपण मनातल्या मनात प्रार्थना करतोय. पण ती त्यानं खणावं म्हणून, की खणू नये म्हणून, हे मात्र तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

टिकाव खाली आला, तो मातीवर नाही. त्यानं तो लांब धसकटांत भिरकावून दिला आणि चौथऱ्यापाशी खाली बसला.

“त्या दिवशी मी बघितलं होतं,” तो म्हणाला. “स्वामी हातावर लिंग ठेवत होते. तू एक पाऊल पुढं आलीस आणि थांबलीस. सहा वर्षं मला कळलं नाही, अक्का का थांबली. काल रात्रभर तेच डोळ्यासमोर! एका शब्दात तू सगळं परत घेऊ शकत होतीस... माझं खोटं, तुझं नाव, सगळं. आप्पांचा हात सुटू नये म्हणून तू ते मातीत जाऊ दिलंस. आणि मी? मी दगड उपसला, अक्का! मी पहिला दगड उपसला!”

तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. भुवनेश्वरी बांधावरून उठली नाही. सहा वर्षं ज्या रडण्याची तिनं वाट पाहिली होती ते हेच होतं. पण ते ऐकताना तिला वाटायचा तो आनंद वाटेना.

मग त्यानं सदऱ्याला हात पुसले आणि फोन उचलला. पलीकडं त्याचा वकील होता. भुवनेश्वरीला दोन्ही आवाज ऐकू येत होते.

“विणकर मी नाही. माझी बहीण आहे, भुवनेश्वरी. व्हय, आज, आत्ता जाहीर करा.”

“विरेश, डोकं ठिकाणावर आहे ना? कंपनी बुडेल. आणि तिच्याजवळ पुरावा आहे?”

“नाही.”

“सही?”

“नाही. होणार पण नाही कधी.”

“मग कोण विश्वास ठेवणार? उद्या आणखी एक दावेदार म्हणून हसतील तिला!”

“हसू देत,” विरेश म्हणाला. “मी सांगतोय ना.”

त्यानं फोन ठेवला. रानात वारा नव्हता. जगात कुणाला कुणाच्या शब्दावर विसंबावं लागू नये, म्हणून भुवनेश्वरीनं ती बावीस वह्यांची रीत जगभर नेली होती. आणि एवढं सगळं करून तिच्या पदरात आज काय पडलं? एका खोटं बोललेल्या माणसाचा शब्द! जगाच्या वहीत तो कधी चढणार नव्हता. पण तो तिच्या कानांनी ऐकला होता, आणि नेमका ह्याच तोंडून तो ऐकायचा होता... हे तिला आत्ता, ऐकल्यावर, कळलं.

विरेशनं उपसलेला दगड पोटाशी धरून जागेवर बसवायचा प्रयत्न चालवला होता. दगड डगमगत होता.

“असा नाही बसत तो,” ती जवळ येऊन म्हणाली. “खाली माती भर आधी. तिकडनं धर.”

“अक्का...”

“धर म्हणते ना. बोटं सांभाळ.”

दोघांनी दोन बाजूंनी दगड उचलला.