सतरा वेळा 'नंतर'

हे खरं आहे, हे पटवत बसायची माझी इच्छा नाही. दाजींनी मला ते एकदाच सांगितलं आणि सांगून झाल्यावर बेसिनपाशी जाऊन ओकले. थाप मारणारा माणूस ओकत नाही, एवढंच मला कळतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं मेकॅनिक. तोंडानं फाटके, पण हाताला सोन्याचे.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही.

सकाळी अकरा एकेचाळीसची आहे. चार नंबरची शेड, सगळ्या ट्यूबलाइट चालू, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग आणि पंधरा पावलांवर चहाची किटली. सोमवार, मंगळवार, बुधवार.

शेडमध्ये एक तोफ उभी होती.

ट्रकवर बसवलेली. मागे लोखंडी केबिन, त्यात ऑपरेटरची खुर्ची आणि स्क्रीन. केबिनबाहेर एक मोठा यांत्रिक हात. तो खालून गोळा उचलतो आणि नळीत घालतो. म्हशीएवढं वजन असेल त्याचं.

जुन्या तोफेला एक लोखंडी खुंटी असायची. ती घातली की ब्रह्मदेव आला तरी हात हलायचा नाही.

नव्या तोफेला खुंटी नाही. स्क्रीनवर एक चौकोन आहे, त्यावर 'थांबा' लिहिलंय.

आणि त्या स्क्रीनमागे कोणती सिस्टिम? झेरॉक्सच्या दुकानात असते ना, तीच. दाजींना पहिल्या दिवसापासून त्याचा तिटकारा होता.

"तोफ मागवली तर तोफेत ऑफिसातला कॉम्प्युटर कोंबून दिला यांनी," ते म्हणायचे. "वरून हिरवा रंग फासला की झालं लष्करी. आत पत्त्यांचा खेळसुद्धा तसाच. काढायचीही तसदी घेतली नाही मेल्यांनी."

तो पत्त्यांचा खेळ लक्षात ठेवा.

महिन्यापूर्वी सरावाच्या मैदानावर गोळा हातात अडकला. ऑपरेटर होता तिशीतला एक पोरगा. फार बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणायचे. त्यानं केबिनमधून ओरडून सांगितलं, "थांबवलंय, काढ." गोळे भरणारा गडी हाताखाली वाकला.

मिनिटभरानं मौनीबाबा केबिनमधून धावत आला आणि त्या गड्याला जोरात ढकललं.

गडी वाचला. हात मौनीबाबावर आला.

चौकशी बसली. तीन साहेब आणि तोफ विकणाऱ्या कंपनीचा एक टायवाला. चार दिवसांत निकाल. यंत्रात पत्त्यांचा खेळ सापडला, म्हणजे ऑपरेटर ड्युटीवर पत्ते खेळत होता. 'थांबा' त्यानं दाबलंच नाही. वर जागा सोडून पळाला.

म्हणजे खेळ यांनीच ठेवला आणि दोष मेलेल्याच्या माथी. गडी सांगत होता, पण त्याचं कुणी लिहून घेतलं नाही. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच.

तोफ दाजींच्या शेडमध्ये आली. हुकूम साधा होता. डिस्क पुसा, हात तपासा, 'वापरायला योग्य' म्हणून सही करा. बुधवारपर्यंत.

सोमवारी सकाळी गेटवर मौनीबाबाचे वडील उभे होते. निवृत्त बस ड्रायव्हर. यंत्र कुणाच्या शेडमध्ये आहे, ते त्यांनी विचारून काढलं होतं.

"चौतीस वर्षं गाडी चालवली मी," ते दाजींना म्हणाले. "स्टिअरिंगवर असताना कधी विडी पेटवली नाही. त्यालाही हेच शिकवलं. मला बाकी काही नको, साहेब. तो खेळत होता का, एवढंच सांगा."

"बघतो," दाजी म्हणाले.

त्यांनी बॅटरीच्या तारा सोडून बाकावर ठेवल्या. कीबोर्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकला. मग बाहेर हाताचे बोल्ट बघू लागले.

अकरा एकेचाळीस.

केबिनमधून आवाज आला…

टक.

दाजींना वाटलं, पत्रा तापला असेल.

टक… टक… टक.

तेच बटण कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबत होतं. घाईघाईनं.

दाजींनी केबिनचं दार उघडलं. खुर्ची रिकामी. स्क्रीन काळी. कीबोर्ड जिथे असतो तिथे फक्त स्क्रूची चार भोकं.

आवाज त्या भोकांवरून येत होता.

मग थांबला. आणि खुर्चीचं चाक… करकरलं.

दाजींनी दार लावलं आणि चहाला गेले. चहा हातातच निवला.

मंगळवारी दाजी घड्याळाकडे बघतच बसले होते. तारा बाकावर, कीबोर्ड ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली खिशात.

अकरा एकेचाळीसला सुरू झालं.

त्यांनी मोजलं. सतरा. मग खुर्ची. मग लोखंडी पायऱ्यांवर बूट. धाड, धाड, धाड.

पायऱ्यांवर कुणीही नव्हतं.

पण दाजी हट्टी माणूस. त्यांनी तारा जोडल्या, कीबोर्ड लावला आणि पुसायच्या आधी डिस्क उघडली. यंत्र आपली नोंद ठेवतं. कुणी कधी काय दाबलं, सगळं.

अपघाताचा दिवस काढला.

पत्त्यांचा खेळ त्या दिवशी कुणी उघडलाच नव्हता. त्या दिवशी काय, त्या वर्षात नाही.

'थांबा' अकरा चाळीसला दाबलेलं होतं.

आणि अकरा एकेचाळीसला स्क्रीनवर एक चौकट आली होती. तुमच्या-आमच्या कॉम्प्युटरवर येते तीच. नवीन सुधारणा बसवायची आहे, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होईल. आत्ता की नंतर?

तोफेला. गोळा अडकलेला असताना. एक माणूस हाताखाली असताना.

यंत्र बंद झालं की 'थांबा' सुटतं आणि हात आपोआप मूळ जागी येतो. मौनीबाबाला ते ठाऊक होतं. त्यानं 'नंतर' दाबलं. यंत्रानं ऐकलं नाही. पुन्हा दाबलं.

सतरा ओळी होत्या. सतरा वेळा 'नंतर', सतरा वेळा 'नामंजूर'.

मग तो धावला होता.

पण यंत्रानं का ऐकलं नाही? दाजींनी वर सरकवून पाहिलं…

अपघाताआधीचे पाच दिवस. रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. तीच चौकट. रोज 'नंतर'. पाचही वेळा एकच नाव.

दाजींचं.

रोज सकाळी मैदानावर जाऊन तोफ तपासायचं काम त्यांचं. ती चौकट यायची. पुन्हा सुरू व्हायला चाळीस मिनिटं लागणार, तिकडे चहा निवणार. कोण बसतंय? सगळेच दाबतात. दाजींनीही दाबलं. पाच वेळाच पुढे ढकलता येतं, सहाव्यांदा यंत्र मनाला येईल तेव्हा विचारतं आणि तेही नावापुरतं, हे खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. वाचलं कोणी?

त्यांनी नोंदीचा कागद छापला आणि साहेबांकडे नेला. साहेबांनी वाचला. परत सरकवला.

"पत्ते होते ना यंत्रात?"

"होते, पण साहेब, ते तर कंपनीनंच…"

"मग झालं. अशा साठ तोफा घेतल्यात आपण. आणि यात नाव कुणाचं आहे, तेही बघा जरा. झाकली मूठ ठेवा."

हे म्हणताना साहेब टाचणीनं दात कोरत होते. दाजींना शिसारी आली. साहेबांची आलीच, पण जास्त स्वतःची. कारण कागद त्यांनी गुपचूप घडी करून खिशात घातला होता.

बुधवारी हाताची शेवटची तपासणी. तारा पुन्हा सोडल्या. दोनदा बघितलं. तेल घालायला खाली वाकावं लागतं, तिथेच, जिथे तो गडी वाकला होता.

सही करायची, हे दाजींनी ठरवून टाकलं होतं. नोकरीची चार वर्षं उरलेली. आपलं नाव पाच वेळा. मेला तो मेला, असं त्यांनी मनाशी म्हटलंसुद्धा.

टक.

दाजी वाकलेले. उठायच्या ऐवजी ते मोजू लागले.

टक. टक. टक. टक…

सतरा.

खुर्ची करकरली.

पायऱ्यांवर बूट वाजले. धाड. धाड. मग सिमेंटवर. जवळ… अगदी पाठीशी…

आणि पाठीत दोन तळवे बसले. दाजी चार फूट लांब जाऊन पडले.

मागे हात खाली आला. जिथे ते होते, बरोबर तिथे. फरशीचा तुकडा उडाला.

बॅटरीच्या तारा बाकावर होत्या. तेलाच्या डब्याशेजारी. तशाच.

वेल्डिंगवाला धावत आला. "दाजी, लागलं का? कुणी ढकललं?"

दाजींनी नुसतं बाकावरच्या तारांकडे बोट दाखवलं.

पाठीवर दोन तळव्यांचे निळे वण पंधरा दिवस होते. ताईनं पाहिलेत. मीही पाहिलेत. दहाही बोटं मोजता येत होती.

आता कुणीही म्हणेल, ज्यानं जीव वाचवला त्याचं नाव या माणसानं धुऊन काढलं असेल.

नाही. दाजींनी त्याच दुपारी डिस्क पुसली आणि सही केली. 'वापरायला योग्य.' संध्याकाळी तोफ गेली. आज ती कुठल्यातरी मैदानावर उभी असेल आणि तिच्यात कुणीतरी रोज सकाळी 'नंतर' दाबत असेल.

गेटवर म्हातारा होताच.

"कळलं का काही, साहेब?"

"नंतर बोलू, बाबा," दाजी म्हणाले.



त्या दिवसापासून मौनीबाबा दाजींच्या घरी आहे. रोज नाही. सुट्टीच्या दिवशी, दाजी घरी असले की. अकरा एकेचाळीसला जेवणाच्या टेबलावर टकटक होते. खुर्ची सरकते. पावलं येतात आणि दाजींच्या पाठीशी थांबतात.

आता तो ढकलत नाही. नुसता उभा राहतो.

दाजींनी हे मला सांगितलं आणि तो घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "माझ्यात हिंमत नाही. तू नेऊन दे म्हाताऱ्याला. पत्ता मागे लिहिलाय."

मी त्यांना खूप बोललो. लाज वाटत नाही का, म्हटलं. माणूस आहात की कोण, म्हटलं.

म्हाताऱ्याचं घर माझ्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर आहे.

गेल्या सोमवारी जाणार होतो, मीटिंग निघाली. मंगळवारी डोकं दुखत होतं. बुधवार, गुरुवार असेच गेले. काल म्हटलं, आता रविवारी निवांत जाऊ, उभ्या उभ्या द्यायची गोष्ट नाही ती.

पाच दिवस झाले.

आज सकाळी ऑफिसात, सगळे समोर बसलेले असताना, माझ्या टेबलावर…

टक.

मी घड्याळ पाहिलं नाही. ते पाहायची गरज नव्हती.