पहिल्या बोटीतली ऋग्वेदा

सिंगापूरला, चांगीच्या जेट्टीवर पाय ठेवताच मेधा ओरडली, "ऋग्वेदा कुठाय?"

पुलाउ उबीन बेटावरून सहलीची ही दुसरी बमबोट, म्हणजे छोटी लाकडी मोटरबोट. ऋग्वेदा पहिलीतून पुढे गेली, असं सगळे म्हणत होते. पण त्या बोटीतले लोक घरी पांगले होते. उरल्या होत्या फक्त सविताकाकू. आणि ऋग्वेदाचा फोन बंद!

"गेली असेल कुणाच्या तरी टॅक्सीतून," सहल काढणारे देवदत्तकाका म्हणाले. "आपल्यालाच उशीर झाला. पहिली बोट केव्हाच सुटली, आपण या अनिमेषची वाट बघत बसलो. महाराज आले सायकल ढकलत!"

"ती आमच्या बोटीत नव्हती," सविताकाकू हळूच म्हणाल्या.

मेधाने मान फिरवली. दोघींचा वर्षभर अबोला. "हिचं काय ऐकायचं!"

समोर बेट काळवंडत चाललं होतं. तिथल्या जुन्या दगडखाणी, त्यांतलं खोल पाणी... मेधाची थोरली मुलगी इरा तिकडेच बघत होती. आणि धाकटी बहीण तिथेच असेल तर?

"देवदत्तकाका, तिला बोटीत बसताना तुम्ही पाहिलंत?"

"मी नाही गं. प्रबोध म्हणाला."

"प्रबोधकाका?"

"मला आमच्या अनिमेषने सांगितलं."

"अनिमेष?"

"पाहिलं ना, लाह!" अनिमेष सिंगापुरी ढंगात म्हणाला. " बोट सुटताना तिने मला हात हलवला."

इरा आईकडे वळली.

"आई, जेवताना तूच तुझ्या संशोधनाचं सांगतेस ना? जुने शिया विद्वान हदीस, म्हणजे पैगंबरांचं किंवा इमामांचं वचन, ऐकली की आधी सांगणारे पारखायचे. कुणी कुणाकडून ऐकलं? देवदत्तकाका खोटं बोलत नाहीत, पण कुणाचंही ऐकून पुढे सांगतात. अशा माणसांबद्दल ते विद्वान मुद्दाम लिहून ठेवायचे. मग दुसरा प्रश्न, सांगणारा आणि ज्याचं सांगतो तो, दोघं एका वेळी एका जागी होते तरी का? पहिली बोट सुटली तेव्हा अनिमेष जेट्टीवर नव्हताच! मग तिने हात हलवला कुणाला?"

अनिमेष पांढराफटक पडला.

"आणि परक्या पंथाचा माणूस खरा असेल, तर त्याचंही ते घ्यायचे. सविताकाकू आपल्याशी भांडल्या. पण खोटं कधी बोलल्या?"

"नाही," मेधा पुटपुटली.

अनिमेष मटकन खाली बसला. "मीच तिला बंद वाटेने नेलं. रेस लावली. ती खाणीच्या उतारावरून घसरली. हाका मारत होती... बाबा मारतील म्हणून मी पळालो."

प्रबोधकाकांनी पोलिसांना फोन लावला. देवदत्तकाका बोटवाल्याकडे धावले.

"ऊठ," इरा म्हणाली. "वाट दाखव."

मेधाला चालवेना. सविताकाकूंनी तिचा हात घट्ट धरला. "चल गं. मी आहे."

बेटावर, तुटलेल्या कुंपणापाशी, इरा जिवाच्या आकांताने ओरडली, "ऋग्वेदाऽऽ!"

काहीच नाही. नुसते रातकिडे.

मग खालून चिरका, रडका आवाज आला. "ताई, एवढा उशीर? माझा पाय मोडलाय, लाह!"