पाटीवरचं बोलावणं

जगन्नाथने टर्की पक्ष्याची शिकार करायचं ठरवलं, तेव्हा आधी एक्सेलमध्ये तक्ता केला. यात नवल काही नाही. मॉरिसव्हिलच्या अपार्टमेंटमध्ये प्रेशर कुकरसुद्धा तक्ता झाल्याशिवाय आला नव्हता. नवल हे, की झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारणारा हा माणूस एप्रिलमध्ये बंदूक घेऊन रानात बसणार होता. कारण डग. डग म्हणजे जगन्नाथच्या साहेबाचा साहेब. दर वसंतात तो टीममधल्या एकाला आपल्या सासऱ्याच्या रानात शिकारीला न्यायचा, आणि गेलेला माणूस पुढच्या वर्षी खिडकीजवळच्या केबिनमध्ये बसायचा, असा ऑफिसचा अनुभव होता.

"तुझा कान चांगला आहे, तू चल," जगन्नाथ बायकोला म्हणाला. टर्कीला बोलवायचं वाद्य निवडायचं होतं.

आसावरी गेली. रागातच गेली. गेली चार वर्षं ती सगळीकडे रागातच जात होती, पण जात होती. या खेपेचा राग वेगळा.

२००६चा मार्च. रॅलेच्या वाटेवरचं शिकारीच्या सामानाचं दुकान. आत रबराचा आणि देवदाराच्या भुश्शाचा वास, भिंतीवर पेंढा भरलेली हरणं, आणि काउंटरमागे वॉल्टर नावाचा सत्तरीचा गृहस्थ. समोरचा शिकारीत कोरा आहे हे त्याने जगन्नाथच्या इस्त्रीच्या पँटवरून ओळखलं आणि घासून वाजवायचे तीन प्रकार समोर मांडले. पहिली लाकडी पेटी. झाकणाला खडू लावायचा आणि ते कडेवर घासायचं. नवशिक्याने हीच घ्यावी. दुसरं बटणाचं, एका बोटाने दाबलं की झालं. तिसरं म्हणजे तळहातात मावेल असा गोल पोकळ डबा, वर पाटीचा दगड, आणि त्यावर ओढायला लाकडी काडी.

"हे शेवटी घ्या," वॉल्टर म्हणाला. "याला हात बसावा लागतो. आणि दगडाला ओलं बोट लावायचं नाही."

जगन्नाथच्या तक्त्यात बटण पहिलं होतं. तो निश्चिंत मनाने जॅकेटं बघायला पलीकडच्या रांगेत गेला. वॉल्टर आसावरीला म्हणाला, "रानाचा रिवाज असा, की नर जागेवर उभा राहून ओरडतो आणि मादी चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून त्याला चालायला लावतो. म्हणून तो सहजासहजी येत नाही."

त्या आठवड्यात ती पहिल्यांदा हसली. "आणि आला नाही तर आपण जायचं?"

"नाही!" म्हातारा एकदम गंभीर झाला. "आवाजाच्या दिशेने स्वतः कधीच जायचं नाही. पलीकडे पक्षीच असेल असं नाही."

तिने काडी पेन्सिलीसारखी धरली आणि दगडावर लहानसा लंबगोल ओढला. च्याक्. पुन्हा ओढला. च्याक्, च्याक्. शाळेतल्या पाटीचा तो दातांत शिरणारा आवाज, पण आत काहीतरी जिवंत असल्यासारखा.

"काय गं?" जगन्नाथ शेजारी उभा होता. जॅकेटची एकच बाही चढवलेली.

"काही नाही."

"हाक मारलीस ना?"

"नाही."

त्याने बाहीकडे पाहिलं, वॉल्टरकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्त्याच्या विरुद्ध खरेदी केली.

घरात त्या वेळी एकच विषय होता, आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. विस्कॉन्सिनच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. आसावरीला पीएचडीला प्रवेश, वर असिस्टंटशिप. होकार पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचा. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला इथे नोकरी करता येत नाही, एम.एस्सी.ला पहिली आलेली आसावरी चार वर्षं त्याचे डबे भरत होती. तिला परवानगी नको होती. तिला सांगायचं होतं, पण समोर बसलेल्या माणसाला. टीव्हीपुढच्या टाळूला नव्हे.

"जगन्नाथ, दहा मिनिटं टेबलापाशी ये."

"आलोच."

फेब्रुवारीपासून असे अकरा 'आलोच' झाले होते. तिने नीट लक्षात ठेवले होते. एकदाही तो आला नव्हता.

दुकानातून आल्यावर तिने ते वाद्य हातात घेतलं. नवी पाटी दिसली की लहानपणी जे करायची तेच तिचा हात करून बसला: ओल्या बोटाने दगड पुसला आणि काडीने वर बारीक 'श्री' काढला. मग वॉल्टरची ताकीद आठवली. तिने तो ओरखडा पुसून पाहिला. पुसला जाईना. सोबत मिळालेल्या पॉलिशपेपरनेही गेला नाही. तशीच ती त्याखाली लंबगोल ओढू लागली. च्याक्, च्याक्, च्याक्.

जगन्नाथ बाथरूममधून बाहेर आला. अर्ध्या गालावर साबणाचा फेस.

"काय?"

"काही नाही. जा."

दुसऱ्या दिवशी तो कचरा टाकायला गेला होता, तिथून पिशवी हातात घेऊन परत आला. मग झोपेतून उठून. मग आईचा फोन अर्धवट ठेवून. सातदा ओढलं, सातदा आला. का आलो ते त्याला सांगता येत नसे. दारात क्षणभर उभा राहून परत जाई. तिला मजा वाटायला हवी होती. तिला चीड आली. चार वर्षं माणसासारखी हाक मारली तेव्हा नाही, आणि दगड घासला की धावत!

अकरा एप्रिलचा मंगळवार. दुपारचे बारा. पत्र टेबलावर ठेवून तिने काडी उचलली. ऑफिस आठ मैलांवर. बघूच, ती मनात म्हणाली. बराच वेळ ओढत राहिली.

दार उघडलं. गाडीचा आवाज आला नव्हता.

जगन्नाथ आत आला, खुर्ची ओढून तिच्या समोर बसला आणि हात टेबलावर ठेवले. बुटांना लाल ओला चिखल होता. आठवडाभर पाऊस नव्हता.

"बोल," तो म्हणाला.

ती बोलली. सगळं बोलली. लग्नात सोडलेली फेलोशिप, चार वर्षांचे डबे, अकरा 'आलोच'. तो ऐकत होता. मध्येच घड्याळ पाहिलं नाही, 'पॉइंट काय?' म्हणाला नाही. पत्र उचलून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.

"जा," तो म्हणाला. "तू जायलाच हवंस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. तिने उठून घेतला.

"अगं, आज यायला उशीर होईल. मीटिंग लांबलीय यार," जगन्नाथ फोनवर म्हणाला. मागे माणसं हसत होती. त्यात डगचं घोगरं हसू होतं.

तिने मान वळवली नाही. "कुठे आहेस तू?"

"ऑफिसात. अजून कुठे असणार?"

तिच्या मागे खुर्ची हळूच सरकली. मग दार लागलं.

रात्री तिने सांगितलं. जगन्नाथ भातावर वरण घेत हसला.

"मी आलो, बसलो आणि तुझं सगळं ऐकून घेतलं?"

"हो."

"मग तो मी नव्हेच."

"तो 'जा' म्हणाला."

"म्हणाला असेल कोणी. चुकीचं म्हणाला. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना कोण जातं? पुढच्या वर्षी बघू." आणि मग, जेवता जेवता, "ते वाजवायला शिकव ना मला. डगपुढे फजिती होईल. माझ्या हातून नुसतं खरखरतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग इतका वर आला होता की आवाज एकदम शांत निघाला.

"ये. शिकवते."

मुलाला अक्षर गिरवायला लावतात तसा तिने त्याचा हात धरला. काडी तिरकी, मनगट सैल, लंबगोल लहान. 'श्री'च्या खाली पुन्हा पुन्हा. तासाभराने त्याच्या हातून आवाज निघाला. स्वच्छ, ओला, जिवंत. त्या वेळी तिचं पाऊल आपोआप अर्धं पुढे पडलं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

जे येत होतं ते जमिनीतलं असेल, दगडातलं असेल. तिने त्याला थांबवायला हवं होतं. 'तूही बोलाव,' ती मनात म्हणाली, 'बघू तुझ्याकडे कोण येतं.'

शनिवारी, पंधराला, तो वाद्य घेऊन पहाटेच गेला. हिरव्या ठिपक्यांच्या जॅकेटवर किमतीची चिठ्ठी तशीच होती. तिने सांगितलं नाही.

साडेसातच्या सुमाराला ती चहा गाळत होती आणि हातातली गाळणी ठेवून दाराकडे निघाली. कडीला हात लागल्यावर थांबली. कुठे निघालो होतो, ते तिला सांगता येईना. तिने जमिनीवर बसून टेबलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. पंधरा-वीस मिनिटं. मग अंगातून काहीतरी सुटलं, काटा निघावा तसं, आणि पाय हलके झाले.

दहा वाजता तिने विस्कॉन्सिनला होकाराची मेल पाठवली.

अकराला जगन्नाथला फोन लावला. गाडी चालू असल्याचा आवाज.

"हॅलो, कोण?"

"कोण काय? आसावरी."

तिकडे त्याने रेडिओ बारीक केला.

"मी होकार कळवलाय. जूनमध्ये जाणार. मिळाला का पक्षी?"

फोन तोंडापासून दूर धरून तो कोणाला तरी म्हणाला, "गंमत बघ. कोणीतरी तुझं नाव सांगतंय."

"ठेव ना फोन," एक बाई म्हणाली. "घरी गेल्यावर बघू. मला नाहीच जायचं कुठे."

तो तिचाच आवाज होता. फक्त त्यात राग नव्हता.

"जगन्नाथ! तिच्याकडे नीट बघ. एकदा बघ!"

"बघतोय की," तो म्हणाला. किती खूश होता. फोन बंद झाला.

आसावरीने पुन्हा लावला. लागला नाही. तिने दाराची साखळी लावली, काढली, पुन्हा लावली. एकदा तरी चेहरा पाहिला असता या माणसाने, चार वर्षांत एकदा!

खाली पार्किंगमध्ये गाडी थांबली.

जगन्नाथच्या बाजूचं दार धाडकन लागलं.

मग दुसरं. त्याची कडी सैल होती. नुसतं ओढून लागत नसे. आधी तळव्याने दाबून, मग कमरेचा हलका धक्का देऊन ते लावण्यात आलं, आसावरी लावते तसं.