फ्रीजरमधली आडवी बाटली

“आडवी ठेव रे! उभी नको, आडवी!”

“अगं ताई, घसरतेय ती!” अकरा वर्षांच्या सुमितचं डोकं फ्रीजरमध्ये होतं आणि आवाज पिंपातून यावा तसा येत होता. “नाक गोठलं माझं!”

“गोठू दे. तेवढंच शांत राहील!” रुचिता म्हणाली.

मृणालने मात्र हसण्यात वेळ घालवला नाही. काल दुपारी पाण्याने अर्धी भरलेली बाटली तिने कॉलेजच्या वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या या फ्रीजरमध्ये उभी ठेवली होती. आज तळाशी कडक बर्फ झाला होता. आता ती आडवी ठेवायची. फ्रीजर चालू राहिला, तर उद्याही बर्फ तळाशीच दिसेल. मध्ये बंद पडला, तर बर्फाचं पाणी होणार, पाणी बाटलीच्या कुशीत पसरणार आणि तिथेच पुन्हा गोठणार!

मृणाल आणि सुमित कोपरीहून मे महिन्याच्या सुट्टीत वैशालीमावशीकडे शहाडला आले होते. मावशी जवळच्याच कॉलेजात संशोधन करायची. रुचिता म्हणजे कॉलेजचे शिपाई देवरामकाका यांची मुलगी. ती कॉलेजच्या आवारातच राहायची. तिघांची गट्टी पहिल्याच दिवशी जमली होती.

पण या सुट्टीत मावशी हसतच नव्हती. एप्रिलपासून तिचा प्रयोग तीनदा फसला होता. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या नळीतलं एन्झाइम दर वेळी मेलेलं, म्हणजे निकामी झालेलं निघायचं. मार्गदर्शक नीरजा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, “वैशाली, तुझ्या हाताला सफाई नाही.” येत्या गुरुवारी मुंबईच्या संस्थेतल्या मोठ्या यंत्रावर तिची पाळी होती. तिथेही फसलं, तर अभ्यास सोडायचा आणि दुपारी शिकवायची त्या ठाण्याच्या क्लासमध्ये जूनपासून पूर्णवेळ शिकवायचं, असं ती फोनवर आपल्या आईला सांगत होती. मृणालने ते ऐकलं. तेरा वर्षांच्या मुलीने मोठ्या माणसाला काय म्हणून धीर द्यायचा? पण एन्झाइम ज्यात ठेवतात, तो फ्रीजर मध्येच बंद पडतो का, हे तरी तिला बघता येत होतं.

“मावशी, तू नेमकं करतेस तरी काय?” सुमितने विचारलं होतं.

“पेशीत चरबीची साखळी कशी तयार होते, ते बघते. अ‍ॅसिल कॅरिअर प्रोटीन नावाचं एक चिमुकलं प्रथिन असतं. चार वेटोळ्यांचा गोळा आणि त्याला एक लांब, लवचीक हात. सरकारी दवाखान्यात आई बाळाला घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जाते ना? तसं हे प्रथिन साखळीला हाताच्या टोकाला धरून एका एन्झाइमकडून दुसऱ्याकडे नेतं. दर फेरीला साखळी दोन कार्बनांनी वाढते. तिला पाणी सोसत नाही, म्हणून वाटेत हे तिला आपल्या पोटाशी लपवतं. पदराखाली घ्यावं तसं!”

“आणि बाळ जड झाल्यावर?”

“साधारण सोळा कार्बन झाले की खाली उतरवतं.”

“माझी आई तर मी सोळा किलोचा व्हायच्या आधीच मला खाली टाकायची!”

तेव्हा मावशी जरा हसली. मग म्हणाली, “पण तो हात त्याला जन्मतः नसतो. तो बसवणारं एन्झाइम वेगळं. माझं तेच मरतंय रे.”

*

दुसऱ्या दिवशी तिघांनी बाटली बाहेर काढली. तळ रिकामा! बर्फ बाटलीच्या कुशीवर सपाट झोपला होता.

“वितळला होता!” मृणाल कुजबुजली.

तिघं धावतच ऑफिसात गेले. ऑफिसप्रमुख सुधीर सरांनी बाटलीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

“फ्रीजरचा दिवा लागलाय ना?”

“हो, पण सर...”

“म्हणजे चालू आहे. जा, खेळा!”

झालं! इतकं साधं, डोळ्यांना दिसणारं, आणि कुणी ऐकायलाच तयार नाही. मृणालला रडू फुटायच्या बेतात होतं. रुचिता मात्र जिन्यावरच थबकली.

“काल पाणी आलेलं,” ती हळूच म्हणाली. “एक दिवसाआड येतं. मावशी दीडला क्लासला गेल्या की दोनला बाबा पंप लावतात. पंप लावला की फ्यूज उडतो, म्हणून वरच्या मजल्याची पंख्यांची लाइन बंद करतात, ती रात्री टाकी भरल्यावरच चालू करतात. सुट्टीत वर कोण असतं?”

“पण फ्रीजर पंख्यावर थोडाच चालतो?” सुमित म्हणाला.

“एप्रिलमध्ये त्याचं जुनं सॉकेट जळलं. वायरमनने तो पंख्यांच्या लाइनवर जोडला. बाबांना हे कुणी सांगितलंच नाही.” तिचे डोळे भरले. “आता बाबांची नोकरी जाईल का गं?”

मृणालने रुचिताचा हात घट्ट धरला. एकीकडे मावशी, दुसरीकडे रुचिताचे बाबा.

“सरांनी कधी काही विचारलं नाही?”

“बाबांनीच सांगितलेलं त्यांना! पंपाला वेगळी लाइन द्या म्हणून अर्ज केलेला. मीच लिहून दिलाय तो!”

मृणालच्या डोक्यात प्रकाश पडला. सुधीर सरांना कशाचा शौक होता? सहीचा! सही करायची म्हटलं की ते पेन झटकून तयार असत.

*

पुढच्या पाण्याच्या दिवशी तिने मावशीला क्लासला दांडी मारायला लावली, नीरजा मॅडमना थांबवून घेतलं आणि पावणेदोनला सरांपुढे एक कोरी वही धरली.

“सर, फ्रीजरची तपासणी आहे. जबाबदार माणसाची सही लागते.”

“जबाबदार? मग मलाच यावं लागणार!” सर खूश होऊन वर आले. सुमितने त्यांना बरोबर पंख्याखाली बसवलं.

दोन वाजले. खालून पंप घरघरला. पंखा मंदावला... थांबला! सरांच्या टकलावर घाम डवरला.

“देवराम! पंखा कुणी बंद केला?”

“सर,” मृणाल म्हणाली, “आता फ्रीजरला कान लावा.”

सरांनी कान लावला. फ्रीजर मुका होता. दिवाही गेला होता!

देवरामकाका धापा टाकत वर आले. “पंपासाठी केला, सर. नेहमीसारखा.”

“कुणाला विचारून? मी तुला नोटीस...”

“बाबांनी अर्ज दिलाय!” रुचिता ओरडली. ती बाबांच्या पुढे येऊन उभी राहिली. “फेब्रुवारीत! तुमच्या डाव्या खणात आहे. त्यावर तुमची सही पण आहे!”

सगळे सरांकडे पाहू लागले. सरांनी पेन हळूच खिशात ठेवलं.

“असेल,” ते पुटपुटले. “सही केली असेल. वाचायचं राहिलं.” मग देवरामकाकांकडे न बघता म्हणाले, “नोटीस नाही. वायरमनला बोलाव. आजच!”

संध्याकाळपर्यंत मावशी नळ्या तपासत बसली.

“साखळी नेणारं वाहक प्रथिन ठणठणीत आहे,” ती म्हणाली. “भारी चिवट! उकळलं तरी निवल्यावर पुन्हा आपली घडी घालून बसतं.”

“मग जिंकलो!” सुमितने उडी मारली.

“नाही रे. हात बसवणारं मेलंय. नवं करायला आठ दिवस लागतात. गुरुवार परवावर आला.”

“मी फोन करून रडू का? खरंखुरं रडतो!”

कुणी हसलं नाही. नीरजा मॅडमनीच मुंबईच्या संस्थेला फोन लावला. बराच वेळ विनवण्या केल्या. शेवटी फोनवर म्हणाल्या, “बरं. ऑगस्टमधली पाळी द्या.”

म्हणजे गुरुवार गेलाच. चोर सापडला, पण चोरलेलं परत आलं नाही. रहस्य उलगडल्यावर सगळं ठीक होतं, असं मृणालला आजवर वाटत आलं होतं.

नीरजा मॅडम मावशीसमोर येऊन बसल्या. “वैशाली, मी तुझ्या हातांना नावं ठेवली. मी चुकले.” मग मुलांकडे वळल्या. “आणि जे आम्हाला सुचलं नाही, ते तुम्ही एका बाटलीत पकडलंत! शाब्बास रे! रुचिता, तुझी तर कमाल!” देवरामकाकांनी टोपी काढून डोळे पुसले.

मावशी आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून बघत राहिली. मग उठली, ओढणी कमरेला खोचली.

“क्लासवाल्यांना कळवते, जूनपासून पूर्णवेळ जमायचं नाही म्हणून.”

मृणालने तिच्या कमरेला मिठी मारली.

“आणि आम्हाला बक्षीस?” सुमितने विचारलं.

“आहे ना! उद्या आठ वाजता यायचं. नळ्या धुवायला.”

“हे बक्षीस?”

“दोनशे आहेत,” मावशी म्हणाली.