हवेतल्या पायाचं कोडं

खण्ण... ण्ण... ण्ण. दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात वाटी घरंगळली. निहिरा धावत गेली, तर आई ओट्याला धरून उभी.

“पळालीस ना वाटीमागे?”

“दोनच पावलं गं. आणि दुखलं नाही बघ! रविवारी खेळणार मी.”

निहिराची आई मृणाल म्हणजे राज्याच्या खो-खो संघातली सगळ्यात वेगवान खेळाडू. सरावात खांबाकडे पळताना तिचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) थोडा फाटला होता. रविवारी अंतिम सामना.

“पण धागा, कळ आली तेव्हा पाय हवेत होता म्हणते आई,” निहिरा म्हणाली. “जमिनीवर टेकलाच नव्हता, तर फाटला कसा?”

धागा हा थर्मासएवढा यंत्रमानव. आईच्या व्यायामाची जबाबदारी त्याच्यावर.

“जोरात आलेला झोका हातांनी अडवलायस कधी? हात कसे ओढले जातात? पळताना गुडघ्याखालचा पाय तसाच पुढे फेकला जातो. त्याला अडवतो हॅमस्ट्रिंग. अडवायचं आणि त्याच वेळी लांबायचंही. तिथेच तो उसवतो.”

धागाने आईच्या मांडीवर आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडल्या. भिंतीवर आतलं चित्र उमटलं. नवे तंतू (बारीक धागे) गोधडीत कोंबलेल्या चिंध्यांसारखे वेडेवाकडे.

“दुखणं आधी थांबतं, ताकद मागाहून येते. बेताबेताने ताण दिला, की हे तंतू ओढीच्या दिशेने सरळ लागतात.”

“मी खेळायला लागले तेव्हा गरम तेल चोळायचे आणि दुसऱ्या दिवशी मैदानात!” आई म्हणाली.

“आणि तिसऱ्या दिवशी, मृणालताई?”

आई हसली नाही. धागाने सांगितल्याप्रमाणे ती उताणी झोपली आणि आळीपाळीने एकेका पायाची टाच खुर्चीवर ठेवून तिने कंबर उचलली. चांगला पाय खांबासारखा स्थिर. दुखरा मात्र लटपटला आणि कंबर खाली आली.

“मग नुसती चौकोनात बसेन,” ती हट्टाने म्हणाली. “पळणार नाही.”

“आई, आणि मागून कुणी खो दिला तर?”

खो मिळाला की उठावंच लागतं, आणि उठलं की पळावंच लागतं. हे निहिराला आईनेच शिकवलं होतं.

तिने कर्णधाराला फोन लावला. “माझ्या जागी प्राजक्ताला घे.” एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

मग गुडघ्यांवर बसली. निहिराने तिचे घोटे घट्ट धरले. आई पुढे झुकू लागली, स्वतःला अडवत, अगदी थोडीशीच.

“असंच वाढवत नेऊ,” धागा म्हणाला. त्याने भिंतीवर अंदाजाचं चित्र काढलं, पुढच्या हंगामातलं. तंतू सरळ, विंचरलेल्या केसांसारखे.

निहिरा घोटे न सोडता ते निरखत राहिली.

“आई, पाय तर बरा होईल. पण परत खांबाकडे पळताना तुला भीती वाटली, तर ती या चित्रात कुठे दिसेल?”

आईने धागाकडे पाहिलं. धागाने भिंतीवरचं चित्र मोठं केलं. तिथे नुसते तंतूच होते.